मराठीचं डिजिटल साहित्य विकत घेण्याआधी : सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी

शाळेत 'डिजिटल साहित्य निवड समिती' असा कागद फिरला आणि त्यात तुमचं नाव निघालं, तर पहिल्यांदा बरं वाटतं. मग लक्षात येतं की समितीत गणिताचे सर आहेत, मुख्याध्यापक आहेत, संस्थेचे एक संचालक आहेत आणि 'भाषेचं काय ते बाई बघतील' एवढ्यावर विषय संपलेला आहे. माझं तसंच झालं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, अनुदानित शाळेत मी मराठी शिकवते. अशा समितीत दोनदा बसले. पहिल्यांदा आम्ही सपशेल फसलो. दुसऱ्यांदा कमी फसलो. त्या दोन खेपांमधून जमलेलं इथे क्रमाने लिहिते आहे.

फसलो कसे, ते आधी सांगते. कंपनीचे दोन तरुण आले, स्टाफरूमच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला, कविता सुरू झाली. पाऊस पडतोय, मोर नाचतोय, मागे बासरी. सगळे खूश. तीन वर्षांचा परवाना घेतला. दिवाळीनंतर सातवीच्या वर्गात व्याकरणाचा भाग लावला, तर पडद्यावरचा आवाज म्हणाला, 'लिंगाचे दोन प्रकार आहेत : पुल्लिंग आणि स्त्रीलिंग.' मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, 'बाई, मग ते पुस्तक कुठं बसवायचं?' वर्ग हसला. मी बंदचं बटण शोधत होते.

हिंदीसाठी केलेला पाठ मराठीत उलथून आम्हाला विकला होता, आणि डेमोत ते कळायचं काही कारणच नव्हतं. डेमो असतोच मुळी कळू नये म्हणून.

## हाताशी काय हवं

- सहावी, सातवी, आठवीची चालू पाठ्यपुस्तकं. ती नसतील तर ई-बालभारतीवरून पीडीएफ फुकट उतरवता येतात.
- पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेल्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला काय यायला हवं त्याची यादी. त्यांची झेरॉक्स काढा, त्यावर खुणा करायच्या आहेत.
- तुमची आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या वर्गातल्या मूल्यमापनाची नोंदवही.
- मोबाइलमधलं स्टॉपवॉच.
- एक जुना, स्वस्त अँड्रॉइड फोन. मुलांच्या घरी असतो तसा, स्क्रीनला तडा गेलेला चालेल.
- तीन मुलं : एक भराभर वाचणारं, एक अडखळणारं, एक घरी मराठी न बोलणारं.
- कंपनीकडून निदान आठवडाभराचा चाचणी-प्रवेश. तो द्यायला कोणी नकार दिला तर पुढचं वाचायची गरज नाही, त्या कंपनीला चहा पाजून निरोप द्या.

## १. गरज एका वाक्यात लिहा

'शाळा डिजिटल करायची' ही गरज होत नाही, ती घोषणा झाली. आमच्या दुसऱ्या खेपेचं वाक्य असं होतं : 'आमची बरीच मुलं उतारा वाचतात, पण त्यावर स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यं बोलू किंवा लिहू शकत नाहीत.' हे वाक्य कार्डावर लिहून मी दर बैठकीला टेबलावर ठेवत असे. कोणी मोर नाचवायला लागलं की कार्ड पुढे सरकवायचं.

तुमची गरज वेगळी असेल. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत असाल तर तिथे मुळात मराठी ऐकायलाच कमी मिळतं. मराठी सक्तीचा कायदा २०२० मध्ये झाला आणि त्याच वर्षी पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने तो सगळ्या मंडळांच्या शाळांत लागू व्हायला लागला, तेव्हापासून अशा शाळांचे शिक्षकही हेच साहित्य शोधत फिरतात. त्यांना मराठी माध्यमासाठी केलेलं साहित्य गळ्यात बांधलं जातं. मराठी माध्यमाचं पुस्तक 'बालभारती', इतर माध्यमांचं 'सुलभभारती'. पाठ वेगळे, काठिण्य वेगळं. विक्रेत्याला पहिल्याच फोनवर विचारा, 'तुमच्याकडचं कोणत्या पुस्तकाचं आहे?' उत्तरात 'दोन्हीला चालतं' आलं की सावध व्हा.

## २. फुकटचं काय आहे ते आधी बघून घ्या

ही पायरी कंपन्यांना आवडत नाही, आणि खरं सांगायचं तर आपणही आळसाने टाळतो.

'दीक्षा' हे केंद्र सरकारचं शालेय साहित्याचं ॲप २०१७ पासून आहे. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. दर्जा सारखा नाही. काही व्हिडिओ सुरेख आहेत, काही म्हणजे एखादे गुरुजी फळ्यासमोर उभं राहून पाठ वाचून दाखवतात. पण पाठाशी जुळलेलं आणि फुकट आहे, म्हणून तुलनेचा पाया तोच धरा. विकतच्या साहित्यात दीक्षापेक्षा जास्तीचं काय आहे, हा प्रश्न प्रत्येक पाठाला विचारायचा.

पाठ्यपुस्तक मंडळाचं, म्हणजे बालभारती संस्थेचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. सहावी-सातवीच्या पूरक वाचनाला याहून मोठी खाण माझ्या माहितीत नाही. मराठी विश्वकोशाच्या नोंदी खुल्या आहेत. आठवीच्या मुलांना 'माहिती शोधून लिहा' म्हणताना उपयोगी पडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी आहेत, त्या उतरवून छापायचीही मोकळीक आहे. अडखळणाऱ्या मुलांसाठी मी त्याच वापरते. सहावीतलं पोर दुसऱ्या पातळीची गोष्ट वाचतं म्हणून कोणी हसू नये, यासाठी पातळीचा आकडा दिसतो तो कोपरा छापताना कापून टाकते.

हे सगळं एका कागदावर मांडलं की बऱ्याच शाळांची निम्मी खरेदी तिथेच गळते.

## ३. पुस्तक बदलतंय, हे विसरू नका

सध्याची पुस्तकं सहावीची २०१६ ची, सातवीची २०१७ ची, आठवीची २०१८ ची. नव्या अभ्यासक्रमाचं वेळापत्रक १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात दिलेलं आहे. त्यात सहावी २०२६-२७, सातवी २०२७-२८ आणि आठवी २०२८-२९ अशी वर्षं ठरवली आहेत. वेळापत्रकं मागेपुढे होतात, ते आपल्याला नवीन नाही. पण तीन-पाच वर्षांच्या परवान्यावर आज सही केली तर परवाना चालू राहील आणि पुस्तक बदललेलं असेल, याची शक्यता मोठी आहे. विक्रेता तोंडी म्हणतो, 'अपडेट मिळेल मॅडम.' मिळेल की विकत मिळेल, किती दिवसांत मिळेल, ते लेखी घ्या. लेखी द्यायला तयार नसेल तर एकाच वर्षाचा परवाना घ्या, भले दर थोडा चढा पडो.

पाठांच्या वापराची परवानगीही इथेच विचारा. पाठ्यपुस्तकाचे सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे राखीव असल्याचं पुस्तकातच छापलेलं असतं. मग कंपनीने अख्खे पाठ आणि कविता कोणत्या परवानगीने घेतल्या? पत्र दाखवा म्हणायला लाजू नका. आमच्याकडे आलेल्या एकाने ते पत्र मोबाइलवर लगेच उघडून दाखवलं. दुसऱ्याने विषय बदलला.

## ४. अक्षर तपासा

आता खऱ्या कामाला लागू. या पायरीला अर्धा तास लागतो आणि साहित्य करणाऱ्यांनी मराठीकडे किती लक्ष दिलंय ते इथेच उघडं पडतं.

(अ) साहित्यातला एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. तिथे इंग्रजी अक्षरांची भेळ दिसली, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत नाही, जुन्या कृतिदेव-श्रीलिपी टंकांच्या जमान्यातला आहे. म्हणजे शब्द शोधता येणार नाही, मोठा करून वाचता येणार नाही, आणि दृष्टिहीन मुलाचं वाचक-सॉफ्टवेअर त्यापुढे मुकं. कॉपीच होत नसेल तर मजकुराची चित्रं चिकटवलेली आहेत. तेही तितकंच वाईट.

(आ) ल आणि श बघा. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात ठरवून दिलेला आहे. पडद्यावर हिंदी वळणाचे ल-श असतील तर टंक तयार मिळाला तसा टाकला आहे. मुलं वाचतील, त्यात शंका नाही. पण वहीत एक ल आणि पडद्यावर दुसरा, हे भाषेच्याच तासाला कशासाठी?

(इ) आता माझी आवडती जोडी. शोधखिडकीत 'आचाऱ्यांना' टाईप करा, मग 'आचार्यांना'. एक स्वयंपाकघरातला, दुसरा गुरुकुलातला. दऱ्या आणि दर्या ही तशीच जोडी. ज्या प्रणालीला अर्धा ऱ धड दाखवता येत नाही, ती डोंगरदऱ्यांमध्ये समुद्र भरते. आम्ही तपासलेल्या एकीत 'वाऱ्यावर' च्या जागी र, मग पाय मोडल्याची खूण, मग एक रिकामा चौकोन आणि या असं दिसत होतं. शिवाय ॲ, ऑ, ळ, ज्ञ आणि ङ ही अक्षरं मुलांच्या कीबोर्डवर कुठे सापडतात तेही बघा. सहावीच्या मुलाला ज्ञ शोधायला मिनिट लागत असेल तर लेखनाची परीक्षा राहते बाजूला, बोटांची परीक्षा होते.

## ५. उलथून आणलेली मराठी ओळखा

माझं मत विचाराल तर ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि ती मराठीच्या शिक्षकाशिवाय कोणालाच करता येत नाही. संचालक साहेबांना करता येत नाही, संगणकाच्या सरांना करता येत नाही. म्हणून इथे ठाम राहा.

व्याकरणाचे तीन-चार भाग उघडा आणि शब्द टिपा. 'नाम' ऐवजी 'संज्ञा' आलं का? 'विरुद्धार्थी' ऐवजी 'विलोम'? 'समानार्थी' च्या जागी 'पर्यायवाची'? विभक्तीच्या जागी 'कारक'? वाक्प्रचारांना 'मुहावरे' म्हटलंय का? लिंगं दोन आहेत की तीन? नपुंसकलिंग गायब असेल तर पुढे बघूच नका. पुस्तक, पोर, झाड, लेकरू, घर, या भाषेतली निम्मी माया त्या 'ते' मध्ये आहे.

मग सूचना वाचा. 'खालील प्रश्नांचे उत्तर द्या', 'सही पर्यायावर क्लिक करा', 'रिक्त स्थान भरा' अशा सूचना मूल रोज पंचवीसदा वाचणार आहे. पाठ कितीही सुंदर असो, मुलाच्या कानात राहते ती ही सूचनांची मराठी. आपल्या पुस्तकात 'खेळूया शब्दांशी' असं सदर असतं. त्याच्या शेजारी 'शब्द गतिविधी' ठेवून बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

इंग्रजीतून आलेलं साहित्य वेगळ्या पद्धतीने उघडं पडतं. त्यात व्याकरणाच्या संज्ञा बरोबर असतात, पण गोष्टीतली मुलं सकाळी दूध आणि तृणधान्य खातात, शाळेच्या पिवळ्या बसमधून जातात आणि आजीला नावाने हाक मारतात. एका उताऱ्यात आजोबांनी नातवाला 'मला तुझा अभिमान आहे' असं तीनदा ऐकवलं होतं. आमच्या वर्गातल्या एकाने शांतपणे सांगितलं, 'आमचे आजोबा एवढं बोलत नाहीत. पाठीवर थाप मारतात.' भाषांतरित साहित्य वाईटच असतं असं मी म्हणत नाही, जगाच्या गोष्टी मुलांपर्यंत आल्याच पाहिजेत. पण तिथली गोष्ट तिथलीच म्हणून यावी, नावं बदलून साताऱ्यात आणून बसवू नये.

शुद्धलेखनही चाळा. लेखनाचे नियम अठरा आहेत, चौदा १९६२ चे आणि चार १९७२ चे. सगळे पाठ असायची गरज नाही. शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ आणि सामान्यरूपातले बदल एवढं बघितलं तरी पुरतं. दहा पडद्यांमागे किती चुका सापडतात ते लिहून ठेवा, हा आकडा शेवटच्या पायरीत कामाला येतो.

## ६. डोळे मिटून ऐका

बरेच जण आता माणसाचा आवाज न घेता यंत्राचा आवाज वापरतात. स्वस्त पडतो. हरकत नाही, पण आधी ऐका. 'चार मुलींनी गाईला चारा घातला' हे वाक्य वाचायला लावा. दोन्ही च सारखे आले की समजा. 'जरा थांब' मधला ज आणि 'जरा-मरण' मधला ज एक नाही. विज्ञानाचं 'विग्यान' आणि ऋतूचं 'रितू' झालं तर आवाज हिंदीचा आहे, मजकूर फक्त आपला.

घरी मराठी न बोलणारी मुलं हाच आवाज नमुना म्हणून घेतात. आमच्याकडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुलं आहेत. त्यांच्यासाठी वर्गाबाहेरची मराठी म्हणजे मैदानावरची मराठी. ती उत्तम असते. यंत्राने ती बिघडवू नये एवढंच.

## ७. विक्रेत्याला बाहेर बसवून तास घ्या

चाचणी-प्रवेशाच्या आठवड्यात एक पूर्ण तासिका खऱ्या वर्गात घ्या. तुम्हीच घ्या. विक्रेता वर्गात नको; तो दाराशी उभा राहून 'मॅडम, ते डावीकडचं बटण' असं सांगत राहिला तर तास त्याचा होतो. एका सहकाऱ्याला मागे स्टॉपवॉच देऊन बसवा आणि वहीत चार रकाने आखायला सांगा : मुलं बघतात-ऐकतात, बोलतात, वाचतात, लिहितात. दर मिनिटाला बहुतेक मुलं काय करताहेत तिथे एक रेघ.

आमच्या पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पहिल्या कंपनीच्या साहित्यावर रेघा अशा पडल्या : बघणं-ऐकणं सव्वीस, बोलणं दोन, वाचणं तीन, लिहिणं शून्य. उरलेली चार मिनिटं लॉगइनमध्ये गेली. मुलं खूश होती, हेही सांगायला हवं. मधल्या सुट्टीत 'बाई, उद्या पण लावा' म्हणत मागे लागली होती. समितीत याच वाक्यावर मतं पडतात. पण टेबलावरचं माझं कार्ड काय म्हणत होतं? दोन वाक्यं स्वतःच्या शब्दांत. त्याला या तासात एका मुलाच्या वाट्याला दोन सेकंदही आले नव्हते.

दुसऱ्या साहित्यात चित्रं साधी होती, बासरी नव्हती. पण उताऱ्याच्या मध्येच पडदा थांबत होता आणि 'पुढे काय होईल ते शेजारच्याला सांगा' असं येत होतं. तिथे बोलण्याच्या नऊ रेघा पडल्या. वर्गात गोंगाट झाला, मुख्याध्यापक डोकावून गेले.

तास झाल्यावर तुमच्या तीन मुलांना एकेकटं बोलवा. 'तुला काय आवडलं?' विचारू नका, सगळंच आवडतं. विचारा, 'गोष्टीत काय झालं ते सांग.' आणि गप्प बसा. अडखळणारं मूल जे सांगेल तो तुमचा निकाल.

## ८. प्रश्न आणि गुण

एका धड्यावरचे सगळे प्रश्न मोजा आणि दोन ढीग करा : उत्तर पाठात शोधून सापडणारे आणि मुलाला स्वतः विचार करावा लागणारे. बहुतेक ठिकाणी पहिला ढीग डोंगराएवढा असतो, कारण यंत्राला तेच तपासता येतात. विक्रेता याला 'चारशे प्रश्नांची पेढी' म्हणतो.

उत्तर टाईप करायचं असेल तर मुद्दाम 'आजीने' च्या जागी 'आजीनं' लिहून बघा. 'केले' च्या जागी 'केलं'. आमच्याकडे लाल फुली आली. पाठातल्या संवादात तीच भाषा होती, तरी फुली.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने निबंध तपासून देतो म्हणणारे येतात. त्यांना तीन निबंध द्या. पहिला एखाद्या मुलाचा खराखुरा, बोलीतले शब्द असलेला. दुसरा गाइडमधून जसाच्या तसा उतरवलेला. तिसरा म्हणजे पहिलाच, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाने. आम्ही हे केलं. गाइडवाल्याला सर्वांत जास्त गुण मिळाले. 'आज्जीच्या लुगड्याचा वास' असं लिहिणाऱ्या पोराला शब्दसंपत्ती सुधारण्याचा सल्ला मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच निबंधाला दोन गुण कमी. नमस्कार केला.

शेवटी हे गुण तुमच्या नोंदवहीत कुठे जाणार ते ठरवा. सहावीला आकारिक आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचं) निम्मंनिम्मं, सातवी-आठवीला आकारिक चाळीस टक्के आणि संकलित साठ. आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधनं आहेत. साहित्यातून येणारा अहवाल फक्त 'चाचणी' या एकाच साधनात बसत असेल, तर 'तुमचं नोंदींचं काम वाचेल' हे आश्वासन विसरा. उलट एक नोंद वाढते.

## ९. वीज, नेट आणि तो तडा गेलेला फोन

थोडक्यात सांगते, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी कोणी करत नाही. वायफाय बंद करून साहित्य चालतं का बघा. वीज गेल्यावर परत सुरू केलं तर जिथे थांबलं तिथून सुरू होतं की पुन्हा लॉगइन मागतं? पेन ड्राइव्हवर दिलेलं साहित्य एकाच संगणकाला बांधलेलं असतं. तो संगणक बिघडला तर पुढे काय? आमचा पावसाळ्यात बिघडला. साहित्य उघडण्याची नवीन किल्ली (सांकेतिक क्रमांक) यायला सहा आठवडे लागले, तोवर दोन घटक चाचण्या होऊन गेल्या. घरी वापरता येईल असं सांगत असतील तर जुन्या फोनवर, मोबाइल डेटावर, तुमच्यासमोर उघडून दाखवू द्या.

## १०. मुलांची माहिती

लॉगइनसाठी काय काय मागतात ते लिहून काढा. नाव आणि तुकडी ठीक. आधार, पालकाचा मोबाइल, फोटो, जन्मतारीख कशासाठी? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल 'बालक' आहे आणि त्याची माहिती हाताळताना पालकांच्या संमतीचं तत्त्व आहे. शैक्षणिक संस्थांना काही बाबतींत सवलत आहे, पण म्हणून कंपनीने पालकांना क्लासच्या जाहिराती पाठवाव्यात असा त्याचा अर्थ होत नाही. आमच्या पालकांना तसे फोन आले आणि ते रागावले आमच्यावर. तेव्हापासून आम्ही मुलांना खऱ्या नावाऐवजी 'सहावी-अ-१७' अशी ओळख देतो. परवाना संपल्यावर माहिती पुसल्याचं पत्र मागायलाही विसरू नका.

## ११. एक चूक कळवून बघा

ही युक्ती मला कोणी शिकवली नाही, आपोआप सापडली. पाचव्या पायरीत टिपलेल्या चुकांपैकी एक साधी चूक कंपनीला ईमेलने कळवा आणि कॅलेंडरवर खूण करा. पैसे मिळायच्या आधी ज्यांना एक वेलांटी दुरुस्त करायला महिना लागतो, ते नंतर काय करतील? एका कंपनीकडून दहा मिनिटांत 'नोटेड मॅम' आलं, सोबत हात जोडल्याचं चित्र. ती चूक अजूनही तिथेच आहे. दुसऱ्यांनी उत्तरच दिलं नाही, पण आठव्या दिवशी बघितलं तर दुरुस्ती झालेली होती आणि तशाच आणखी दोन चुकाही सुधारल्या होत्या. आत कोणीतरी मराठी वाचणारं बसलेलं आहे, हे मला तेव्हा कळलं.

## १२. कागद

शेवटची बैठक पैशांची असते आणि तिथे मराठीचा शिक्षक गप्प बसतो. बसू नका. या गोष्टी लेखी असल्याशिवाय सही होऊ देऊ नका :

- परवाना किती वर्गांना, किती यंत्रांना, कोणत्या तारखेपर्यंत. 'आजीवन' हा शब्द दिसला तर कोणाचं आयुष्य ते विचारा.
- पाठ्यपुस्तक बदलल्यास नवीन साहित्य किती दिवसांत आणि किती पैशांत.
- कळवलेली चूक किती दिवसांत सुधारणार.
- दुसऱ्या वर्षापासूनचं नूतनीकरण आणि देखभाल शुल्क. पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, तीन वर्षांची बेरीज करून मगच तुलना करा.
- यंत्र आणि साहित्य एकत्र घेत असाल तर दोन्हींच्या किमती वेगळ्या. 'पॅनलवर साहित्य फुकट' असतं तेव्हा पॅनलचा, म्हणजे त्या डिजिटल फळ्याचा दर दुसरीकडे विचारून या.
- शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात ठराव आणि त्याला तुमचा लेखी अभिप्राय जोडलेला. देणगीतून किंवा लोकवर्गणीतून खरेदी असली तरी.

अभिप्राय दोन पानांचा पुरतो. पहिल्या पानावर रेघांचा तक्ता आणि चुकांचा आकडा, दुसऱ्यावर तीन मुलांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्याच शब्दांत. आमच्या संचालकांनी पहिलं पान उलटून टाकलं आणि दुसरं दोनदा वाचलं.

आम्ही दुसऱ्या खेपेला आठवीपुरता एका वर्षाचा परवाना घेतला, त्या थांबणाऱ्या पडद्याचा. सहावी-सातवीला दीक्षा आणि 'किशोर' चे जुने अंक चालवतो. वाचलेल्या पैशांत इन्व्हर्टरची बॅटरी आली आणि दोन माइक आले. माइक मुलांच्या हातात असतात. शुक्रवारी शेवटच्या तासाला गावातल्या बातम्या वाचतात. गेल्या आठवड्यात त्या 'ते पुस्तक' वालीने आठवडी बाजारातले कोथिंबिरीचे भाव सांगितले आणि खाली बसायला विसरली.